चोरीला गेलेले वाहन आणि न सापडल्याचा दाखला

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण,
हैदराबाद.

विषय : वाहनचोरीच्या विमादाव्यात पोलिसांचा अंतिम अहवाल मिळवण्याची जबाबदारी विमा कंपनीवर सोपवण्याबाबत.

महोदय,

वाहनाच्या विम्यात अपघाताचा दावा आणि चोरीचा दावा यांची सोय एकाच विमापत्रात केलेली असली, तरी पुराव्याच्या दृष्टीने हे दोन दावे मुळातच निराळे आहेत. अपघातग्रस्त वाहन गॅरेजमध्ये उभे असते. सर्वेक्षक, म्हणजे नुकसानीचे मोजमाप करणारा परवानाधारक तज्ज्ञ, ते प्रत्यक्ष पाहतो, छायाचित्रे घेतो, दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर खुणा करतो आणि त्याच्या अहवालावर दाव्याचा निर्णय होतो. चोरीच्या दाव्यात पाहण्याजोगी वस्तूच उरलेली नसते. वाहन होते, ते विमाधारकाच्या मालकीचे होते, ते त्याच्या संमतीवाचून नेले गेले आणि ते अद्याप सापडलेले नाही, या चार गोष्टी केवळ कागदांच्या आधारे सिद्ध कराव्या लागतात. पहिल्या तिन्हींचे कागद विमाधारक आपल्या कपाटातून, परिवहन कार्यालयातून आणि पोलिस ठाण्यातून कसेबसे जमवू शकतो. चौथ्या गोष्टीचा कागद मात्र त्याला स्वतः तयार करता येत नाही, आणि त्यासाठी अर्ज करून वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काहीच नसते. हे पत्र मुख्यतः त्या चौथ्या कागदाविषयी आहे.

मूळ मुद्द्याकडे वळण्यापूर्वी चोरीच्या विम्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ ने सक्तीचा केलेला विमा हा त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे वाहनामुळे इतरांना होणाऱ्या इजेचा व नुकसानीचा आहे. स्वतःचे वाहन चोरीला गेल्यास त्यातून एक रुपयाही मिळत नाही. चोरीची भरपाई ‘ओन डॅमेज’ या ऐच्छिक भागातून होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदमच घ्यावा लागतो, परंतु त्याच विमापत्रातील ओन डॅमेजचा भाग अनेकदा पहिल्या एका वर्षापुरताच असतो. परिणामी दूध घालणारा, घरपोच वस्तू पोहोचवणारा किंवा रोज दुचाकीवरून कारखाना गाठणारा माणूस पाच वर्षे आपला विमा चालू आहे अशा समजुतीत राहतो, आणि दुचाकी चोरीला गेल्यावर आपल्याकडे चोरीचे संरक्षण उरलेच नव्हते हे त्याला कळते. विमापत्रावर दोन्ही भागांच्या समाप्तीच्या तारखा शेजारी शेजारी आणि ठळक अक्षरांत छापल्या, तरी यातले बरेच दुःख टळेल.

भरपाईची रक्कम ठरते ती ‘आयडीव्ही’वरून, म्हणजे विमा घेताना घोषित केलेल्या वाहनाच्या मूल्यावरून. उत्पादकाच्या विक्रीकिमतीतून वयानुसार घसारा वजा करून हे मूल्य काढले जाते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के अशी घसाऱ्याची पायरी आहे. त्यापुढे मूल्य परस्पर संमतीने ठरते. आठ लाख रुपये किमतीची मोटार तिसऱ्या वर्षात चोरीला गेली, तर साधारणतः पाच लाख साठ हजार रुपयांतून विमाधारकाने स्वतः सोसायची ठरावीक किरकोळ रक्कम वजा होऊन उरलेली रक्कम देय होते. अपघातात प्रत्येक सुट्या भागाच्या घसाऱ्यावरून वाद होऊ शकतो. चोरीत तसा वाद संभवत नाही, कारण रक्कम आधीच ठरलेली असते. हिशेब इतका सरळ असूनही दावा महिनोन्‌महिने लांबावा, याचे कारण म्हणूनच हिशेबाबाहेर शोधावे लागते.

पूर्वी ते कारण विलंबात सापडत असे. चोरी झाल्यास पोलिसांना आणि कंपनीला ‘ताबडतोब’ कळवावे अशी अट प्रमाणित विमापत्रात आहे, आणि या एका शब्दावर कित्येक दावे नाकारले गेले. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीला सुमारे चार महिने उशिरा कळवणाऱ्या विमाधारकाविरुद्ध निर्णय दिला होता. त्यानंतर २०११ च्या सप्टेंबरमध्ये आपल्याच प्राधिकरणाने परिपत्रक काढून, केवळ उशिरा कळवले या तांत्रिक कारणावर खरे दावे यांत्रिकपणे फेटाळू नयेत असे कंपन्यांना बजावले. २०१७ मध्ये एका ट्रकच्या प्रकरणात न्यायालयाने हाच दृष्टिकोन मान्य केला, कारण वाहन गेल्यावर माणूस आधी पोलिसांकडे धावतो आणि शोधाशोध करतो, विमा कंपनीचे कार्यालय त्याला नंतर आठवते, हा सर्वसाधारण अनुभव आहे. दोन निर्णयांत मेळ नसल्याने प्रश्न त्रिसदस्यीय पीठापुढे गेला, आणि जानेवारी २०२० मध्ये चोरीला गेलेल्या एका ट्रॅक्टरच्या प्रकरणात पीठाने निर्वाळा दिला की फिर्याद लगेच नोंदवली असेल, तर कंपनीला उशिरा कळवणे हे दावा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. त्यामागील तर्क विचारात घेण्याजोगा आहे : नाकाबंदी करणे, माग काढणे, वाहन ताब्यात घेणे हे पोलिसांचे काम असल्यामुळे तत्परता त्यांच्या बाबतीत महत्त्वाची ठरते, कंपनीला फक्त दाव्याचा खरेपणा तपासायचा असतो आणि तो काही आठवड्यांनीही तपासता येतो. कायदा अशा रीतीने स्थिर झाला, पण त्याची किंमत कोणी मोजली हेही नोंदवले पाहिजे. तो ट्रॅक्टर २०१० मध्ये चोरीला गेला होता. याच तत्त्वावर फेब्रुवारी २०२२ मध्ये ज्या ट्रकच्या मालकाला न्याय मिळाला, त्याचा ट्रक २००७ मध्ये लुटला गेला होता. चौदा-पंधरा वर्षांनी हाती येणारी रक्कम नवे वाहन घेऊन धंदा पुन्हा उभा करण्याच्या कामी येत नाही.

विलंबाचा अडसर बराचसा दूर झाल्यावर आता जो उरला आहे, तो अंतिम अहवालाचा. या अहवालाला उत्तरेत ‘अनट्रेस रिपोर्ट’, बोलीत ‘नॉन-ट्रेसेबल’ आणि महाराष्ट्रात ‘अ समरी’ म्हणतात. महाराष्ट्रातील पोलिस कार्यपद्धतीत तपास संपवताना गुन्ह्याचे वर्गीकरण करण्याची जुनी रीत आहे : गुन्हा खरा आहे पण आरोपी वा मुद्देमाल सापडला नाही, तर ‘अ’, तक्रार द्वेषबुद्धीने केलेली खोटी असेल, तर ‘ब’, आणि गुन्हा खरा की खोटा हे ठरत नसेल किंवा गैरसमजातून नोंद झाली असेल, तर ‘क’. तपास अधिकारी हा अहवाल वरिष्ठांमार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो, न्यायालय तो स्वीकारते आणि त्यानंतर अर्ज केल्यावर त्याची प्रमाणित नक्कल मिळते. या साखळीतील प्रत्येक कडी सरकारी कार्यालयात आहे. ठाण्यातील हवालदारावर बंदोबस्तापासून समन्स बजावण्यापर्यंत अनेक कामे असतात, न सापडलेल्या दुचाकीची फाइल बंद करण्याची त्याला घाई नसते, आणि वरिष्ठांनाही न उकललेल्या गुन्ह्यांची संख्या वाढवणारा कागद लवकर पुढे जावा असे वाटण्याचे कारण नसते. यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही; ज्या कागदाची निकड फक्त विमाधारकाला आहे, तो कागद ज्यांना निकड नाही त्यांच्या टेबलावरून जातो, एवढेच त्याचे कारण आहे.

या काळात कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. वाहनावर बँकेचा वा वित्तसंस्थेचा बोजा असेल, तर दाव्याची रक्कम प्रथम तिच्याकडे जाते आणि उरलेली मालकाला मिळते. तोवर मालक नसलेल्या वाहनाचे हप्ते भरत राहतो, आणि टेम्पो किंवा रिक्षा असेल, तर हप्ता भरण्याचे साधनही त्याच वाहनाबरोबर गेलेले असते. पगारदार माणसाला रजा काढून ठाण्यात व न्यायालयात जाता येते, रोजंदारीवरच्या माणसाचा प्रत्येक खेटा म्हणजे एका दिवसाची बुडालेली कमाई असते. चोरीच्या विम्याचा खरा आधार ज्याला हवा, त्यालाच तो सर्वांत उशिरा मिळतो, ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी अन्यायाची बाब आहे.

प्राधिकरणाने २०२४ मध्ये केलेल्या सुधारणा मोलाच्या आहेत, आणि त्यांची दखल घेतल्यावाचून ही मागणी अपुरी राहील. दावा आल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमावा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यावा आणि कंपनीने पुढील ७ दिवसांत निर्णय घ्यावा असे वेळापत्रक आता आहे. कागदपत्रांअभावी कोणताही दावा नाकारू नये, आवश्यक ते कागद विमा देतानाच मागावेत, दाव्याच्या वेळी फक्त थेट संबंधित कागद मागावेत, असेही ११ जून २०२४ च्या मुख्य परिपत्रकाने सांगितले. सर्वेक्षकाचा अहवाल वेळेत मिळवणे ही कंपनीची जबाबदारी आहे, हे त्यातील तत्त्व तर अत्यंत योग्य आहे, कारण अहवाल ज्याला हवा त्यानेच तो मिळवावा हा व्यवहाराचा साधा नियम त्यातून मान्य झाला. परंतु त्याच परिपत्रकात मागता येण्याजोग्या कागदांची उदाहरणे देताना दाव्याचा अर्ज, चालक परवाना, परमिट, फिटनेस, एफआयआर यांच्या पंक्तीत अनट्रेस अहवालही बसवला गेला. चालक परवाना विमाधारकाच्या खिशात असतो, अनट्रेस अहवाल नसतो. दोहोंना एकाच यादीत ठेवल्यामुळे कंपनी दावा नाकारत नाही, फक्त ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा मारून थांबते, आणि सात दिवसांचे वेळापत्रक सुरूच होत नाही. नकाराविरुद्ध दाद मागता येते. न संपणाऱ्या प्रतीक्षेविरुद्ध नेमकी कोणत्या दिवशी दाद मागावी, हे सामान्य माणसाला ठरवता येत नाही.

विमाधारकाच्या आवाक्याबाहेरचा कागद मागण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलेला निर्णय येथे थेट लागू पडतो. छत्तीसगडमधील एका ट्रकमालकाचा ट्रक २०१३ मध्ये चोरीला गेला. त्याने त्याच दिवशी फिर्याद दिली आणि कंपनीलाही कळवले. कंपनीने नोंदणी प्रमाणपत्राची मूळ किंवा प्रमाणित प्रत मागितली. प्रादेशिक परिवहन कार्यालयाने ती देण्यास नकार दिला, कारण चोरीची नोंद झाल्यामुळे त्या ट्रकची संगणकावरील माहितीच गोठवली गेली होती. म्हणजे चोरी झाली हेच कागद न मिळण्याचे कारण होते, आणि कागद नाही म्हणून चोरीचा दावा अडला होता. न्यायालयाने कंपनीची वृत्ती अनुचित ठरवली, विमाधारकाला आपल्या हातात नसलेल्या परिस्थितीमुळे देता येत नाहीत असे कागद मागू नयेत असे सुनावले आणि बारा लाख रुपये ७ टक्के व्याजासह देण्याचा आदेश दिला. नोंदणी प्रमाणपत्राला लागू होणारे हे तत्त्व पोलिसांच्या अंतिम अहवालाला अधिकच लागू होते, कारण तो अहवाल विमाधारकाच्या नावाचासुद्धा नसतो. तो पोलिस आणि न्यायालय यांच्यातील कागद असतो.

कंपन्यांच्या बाजूचा युक्तिवाद येथे प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. खोटे चोरीचे दावे होतात. कर्ज थकलेले वाहन परस्पर विकून किंवा भंगारात काढून फिर्याद दिली जाते, आणि अशा फसवणुकीचा भार शेवटी सर्व प्रामाणिक विमाधारकांच्या हप्त्यांवर पडतो. तरीही अनट्रेस अहवाल फसवणूक ओळखण्याचे साधन म्हणून फारसा उपयोगी नाही. वाहन सापडले नाही एवढेच तो सांगतो, आणि परस्पर विकलेले वाहनही सापडत नाहीच. फसवणूक उघड होते ती इतर पुराव्यांतून : फास्टॅगवरील टोलनाक्यांच्या नोंदी, कर्जखात्याचा इतिहास, दोन्ही किल्ल्यांची तपासणी, सर्व्हिसिंगच्या नोंदी, जागेवरील कॅमेरे, शेजाऱ्यांचे जबाब. यासाठी कंपनीकडे तपासनीस असतात, आणि महिनाभरात हे काम पूर्ण होऊ शकते. पुढे वाहन सापडले तर काय, ही कंपनीची दुसरी भीतीही निराधार ठरते, कारण रक्कम देण्यापूर्वीच ती विमाधारकाकडून मालकी हस्तांतराचे नमुना २८, २९ व ३० सह्या करून घेते, स्टॅम्प पेपरवर हमीपत्र घेते आणि सबरोगेशनचे पत्र, म्हणजे वाहनावरील व चोरावरील सर्व हक्क कंपनीकडे सोपवल्याचा लेख, लिहून घेते. वाहन दहा महिन्यांनी सापडले, तरी ते कंपनीचेच होते. इतकी हमी हाती असताना न्यायालयाने स्वीकारलेल्या अंतिम अहवालापर्यंत थांबण्याचे कारण उरत नाही.

किल्ल्यांचा उल्लेख आला, म्हणून त्याविषयी थोडे सांगणे योग्य होईल. दोन्ही मूळ किल्ल्या जमा करण्याची मागणी समजण्याजोगी आहे, परंतु एक किल्ली हरवलेली असणे म्हणजे संशय सिद्ध होणे नव्हे. आजची मोटार चोरणारे अनेकदा किल्लीवाचूनच काम करतात; गाडीच्या निदान-जोडणीत, म्हणजे ओबीडी पोर्टमध्ये, उपकरण लावून नवी किल्ली प्रोग्राम करून घेण्याची पद्धत पोलिसांना चांगली परिचित आहे. वाहनाची वाजवी काळजी घेण्याची अट मोडली असे दिसले, तरी संपूर्ण नकार हाच त्यावरचा उपाय नाही. २०१० च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोडीची, म्हणजे अटीचा भंग मूलभूत नसेल तर देय रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देण्याची पद्धत मान्य केली, आणि २०२३ मध्ये किल्ली वाहनातच राहिली असतानाही ७५ टक्के रक्कम देववली. ही पद्धत कंपन्यांना ठाऊक आहे, विमाधारकाला नाही. विमापत्रात तिचा एका ओळीचाही उल्लेख नसल्यामुळे, नकाराचे पत्र मिळालेला माणूस आपले सर्व गेले असे समजतो, किंवा ७५ टक्क्यांचा देकार आला की ती कृपा आहे असे मानून सही करतो. कोणत्या भंगाला किती कपात, हे विमापत्राच्या पहिल्या दोन पानांत मराठीसह प्रादेशिक भाषांत छापण्याचा आदेश प्राधिकरणाने द्यावा.

काही बाबतींत दोष वाहनमालकाचाच असतो, हेही मान्य करावे लागेल. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्यावरही रस्त्यावर आणलेली मोटार चोरीला गेली, तेव्हा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत भंग मानून दावा फेटाळला. जुने वाहन घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेतला नाही, तर तोही असाच अडचणीत येतो.

ज्या विमाधारकाला दाद मागायची आहे, त्याच्यासाठी विमा लोकपालांची व्यवस्था आहे. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि नोव्हेंबर २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत जाता येते. ही दारे उघडी आहेत हे खरे, पण एका दुचाकीच्या चाळीस हजार रुपयांसाठी लोकपालांपर्यंत जावे लागणे हे मुळातील दोषाचे लक्षण आहे, आणि तो दोष परिपत्रकात आहे तोवर प्रत्येक विमाधारकाला तोच मार्ग नव्याने चालावा लागेल.

प्राधिकरणाकडे मागणी नेमकी आहे. पोलिसांवर प्राधिकरणाची सत्ता चालत नाही, त्यामुळे अहवाल लवकर द्या असे ते पोलिसांना सांगू शकत नाही. परंतु त्या अहवालावर दावा अडवू नका, असे ते कंपन्यांना निश्चितच सांगू शकते. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. चोरीच्या दाव्यात याच मुदतीचा आधार घेता येईल. एफआयआर, नोंदणीचा तपशील, उपलब्ध किल्ल्या, हमीपत्र व सबरोगेशनचे पत्र दिल्यानंतर, फिर्यादीच्या तारखेपासून ९० दिवस उलटूनही वाहन सापडले नसेल, तर प्रगतीचे ते पत्र किंवा ते न मिळाल्यास विमाधारकाचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानावे, आणि त्यापुढील ७ दिवसांत निर्णय घेणे कंपनीवर बंधनकारक करावे. अंतिम अहवाल हवाच असेल, तर तो आपल्या तपासनीसाकरवी किंवा वकिलाकरवी कंपनीने मिळवावा, आणि त्यासाठी लागणाऱ्या काळात दाव्याच्या रकमेवर व्याज द्यावे, म्हणजे कर्जाच्या हप्त्यांचा भार एकट्या मालकावर पडणार नाही. दिल्लीत वाहनचोरीची फिर्याद आणि त्यावरील अनट्रेस अहवाल दोन्ही ऑनलाइन देण्याची सोय पोलिसांनी २०१५ पासूनच सुरू केली आहे. तशी सोय महाराष्ट्रात व इतर राज्यांत व्हावी यासाठी प्राधिकरणाने राज्य शासनांना लिहावे, परंतु ती होईपर्यंत दावे थांबवू नयेत.

यासाठी संसदेत विधेयक आणण्याची गरज नाही. मुख्य परिपत्रकातील कागदांच्या यादीत दुरुस्ती करणारे एक पत्र प्राधिकरणाच्या अधिकारात आहे, आणि ते काढताना ते केवळ पुढील चोऱ्यांना लागू न करता, ज्यांची फिर्याद नोंदवून ९० दिवस होऊन गेले आहेत आणि ज्यांच्या फाइलवर आज ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा आहे, अशा प्रलंबित दाव्यांनाही ते लागू करावे.

कळावे,

वाहनधारकांच्या वतीने,
एक विमाधारक नागरिक